गाजराच्या कुळाचा डीएनए वाचला, पण नमुना कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विज्ञान पुरवणीत गाजराच्या कुळावर बातमी आली होती. वनस्पतींचं वर्गीकरण आता डीएनएवरून होतं, फळं-फुलं बघत बसायचे दिवस संपले, असा तिचा एकूण सूर होता. मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतींचं वर्गीकरण शिकवलंय आणि त्यातही या कुळावर माझा विशेष जीव आहे, त्यामुळे राहवलं नाही. बातमीतला अर्धा भाग अगदी बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळे वाचणाऱ्या मुलांच्या डोक्यात भलतंच काहीतरी बसेल, म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, हवं तर कापा, फक्त नमुन्यांबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी जे बरोबर आहे त्याबद्दल. गाजर, कोथिंबीर, जिरं, बडीशेप, शेपू, ओवा, हिंग, सेलरी, पार्सली ही सगळी मंडळी एका कुळातली, एपिएसी, जुनं नाव अंबेलिफेरी. साडेतीन हजारांच्या वर स्पीशीज, म्हणजे जाती, आणि चारशेहून जास्त जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट, आहेत यात. फुलोरा छत्रीसारखा असतो त्यामुळे कुळ कुठलं हे पहिल्या आठवड्यातला विद्यार्थीही सांगतो, खरी गोची त्याच्या पुढे सुरू होते, कारण फुलं जवळजवळ सगळ्यांची सारखी, बारीक, पाच पाकळ्या पाच पुंकेसर, पानंही बहुतेकांची चिरलेली, मग एकाला दुसऱ्यापासून वेगळं करायचं कशावरून? तर फळावरून. वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट मॉरिसन यांनी १६७२ मध्ये ऑक्सफर्डहून फक्त याच कुळावर एक ग्रंथ काढला, एकाच कुळावरचा असा अभ्यास छापला जाण्याची ती पहिलीच वेळ मानतात, आणि त्यातही त्यांचा भर फळावरच होता.

बोलताना आपण ज्याला बी म्हणतो ते या कुळात खरं तर अर्धं फळ असतं. पिकल्यावर फळाचे दोन भाग सुटे होतात, प्रत्येक भागाच्या पाठीवर उभे कंगोरे असतात, सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात, कुणाला काटे असतात, कुणाला पंख, कोण चपटं, कोण गोल. एवढ्याशा फळात इतकं वैविध्य म्हटल्यावर शास्त्रज्ञांनी त्यावर सगळी इमारत उभी केली यात नवल काहीच नाही. जर्मनीच्या ओस्कार ड्रूडे यांनी १८९८ मध्ये या कुळाचे तीन उपकुळांत भाग पाडले आणि खाली अनेक गट केले, मुख्यतः फळाच्या रचनेवरून, आणि ती मांडणी जवळपास शंभर वर्षं पुस्तकांतून चालत राहिली. तिच्यावर आक्षेप नव्हते असं नाही, आक्षेप खूप होते, पण तिच्या जागी ठेवायला सगळ्यांना पटेल असं दुसरं काही नव्हतं.

१९९०च्या दशकात मात्र चित्र पालटलं. इलिनॉय विद्यापीठातले स्टीफन डाउनी आणि त्यांचे सहकारी, तसंच ग्रेगरी प्लंकेट वगैरे मंडळींनी या कुळातल्या वनस्पतींचे डीएनएचे ठरावीक तुकडे वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला हरितलवकातले आरबीसीएल, मॅटके असे जीन घेतले, मग केंद्रकातला आयटीएस नावाचा तुकडा, जेमतेम सहाशे अक्षरांचा (डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो), पण पेशीत त्याच्या प्रती भरपूर असतात त्यामुळे जुन्या वाळलेल्या पानातूनही तो मिळायची शक्यता जास्त, आणि जवळच्या स्पीशीजमध्ये फरक दाखवण्याइतका तो बदलतोही. पान घ्यायचं, वाटायचं, डीएनए काढायचा, पीसीआर नावाच्या प्रक्रियेने तेवढ्याच तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या, वाचायचा, मग सगळ्या वनस्पतींची अक्षरं एकाखाली एक लावून कुठे कोणता बदल कुणाकुणात सामायिक आहे ते बघून वंशवृक्ष काढायचा. ऐकायला सरळ वाटतं, त्यातलं ते अक्षरं एकाखाली एक लावणंच किती किचकट असतं हे केलेल्यालाच माहीत, विशेषतः लांबच्या नातेवाइकांची लावताना.

आणि या वृक्षांनी जुन्या गटांची अक्षरशः मोडतोड केली. शेपू आणि बडीशेप घ्या. शेपूचं फळ चपटं, कडेला पातळ पंख, बडीशेपेचं लांबट, जाड कंगोऱ्यांचं. चपट्या पंखवाल्या फळामुळे शेपूला प्यूसिडेनम नावाच्या मोठ्या जीनसच्या बाजूला बसवायचे, जुन्या कित्येक पुस्तकांत शेपूचं नावच प्यूसिडेनम ग्रॅव्हिओलेन्स असं सापडेल. डीएनए म्हणतो शेपू आणि बडीशेप एकमेकांचे जवळचे, सेलरी-पार्सलीच्या गोतावळ्यातले, आणि प्यूसिडेनम पार दुसऱ्या फांदीवर. तसं प्यूसिडेनम हे मुळात अडगळीच्या खोलीसारखंच होतं, चपटं फळ दिसलं आणि दुसरीकडे बसेना की टाका त्यात, डीएनए आल्यावर त्यातल्या स्पीशीज वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेल्या निघाल्या. पिंपिनेला, लिगुस्टिकम, सेसेली या जीनसचीही तीच गत.

हिंग ज्यातून मिळतो तो फेरुला जीनस आणखी मजेदार, म्हणजे मला तरी तो फार आवडतो. त्याचंही फळ चपटं, म्हणून तोही पूर्वी प्यूसिडेनमच्या पंगतीत. डीएनएने त्याला उचलून स्कँडिसी या गटात नेऊन ठेवलं, आणि या गटात आणखी कोण आहे तर गाजर आणि जिरं! म्हणजे काटेरी फळाचं गाजर, बारीक केसाळ फळाचं जिरं आणि चपट्या फळाचा हिंग ही तिन्ही एका घरातली, आणि बडीशेप, जी दिसायला जिऱ्याची बहीण वाटते, ती दुसऱ्या घरातली. पुढे डोरेमा नावाचा जीनसही फेरुलातच विलीन केला गेला.

असं का झालं, तर फळ हे झाडाचं पसरायचं साधन आहे. वाऱ्यावर जायचं असेल तर चपटं होणं आणि पंख येणं उपयोगाचं, जनावराच्या अंगाला चिकटून जायचं असेल तर काटे. हे बदल या कुळात एकदा नाही, अनेक वेळा स्वतंत्रपणे झालेत, त्यामुळे चपट्या फळाच्या सगळ्यांना एका गटात टाकलं की नातं नसलेलेही शेजारी येऊन बसतात. गाजराच्या स्वतःच्या जीनसचं, डॉकसचं, उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. अटलांटिक महासागरातल्या मदेइरा बेटावर मेलॅनोसेलिनम नावाची एक वनस्पती आहे, लाकडी खोडाची, माणसाहून उंच वाढणारी, तिला बघून कुणी गाजर म्हणणार नाही. डीएनएमध्ये ती डॉकसच्या आतच निघाली. तशीच तिथली मोनिझिया, केप व्हर्दे बेटांवरची टॉर्नाबेनिया, आफ्रिकेतली अॅग्रोकॅरिस. २०१६ मध्ये पोलंडमधल्या वॉर्साचे वनस्पतीशास्त्रज्ञ स्पालिक यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी हे सगळे जीनस डॉकसमध्ये घेतले, आता डॉकसमध्ये सुमारे ४० स्पीशीज धरतात आणि काटेवाले, पंखवाले दोन्ही त्यात सुखाने नांदतात.

इथवर तुमची बातमी आणि मी एकाच बाजूला. आता दुसरा अर्धा.

बातमीत म्हटलंय की डीएनए सांगतो वनस्पती कोणती आहे. नाही हो, सांगत नाही. डीएनए वाचून अक्षरांची एक ओळ मिळते, बास. ती ओळ जिऱ्याची आहे हे सांगणारा कुणीतरी माणूस लागतो, ज्याने ती वनस्पती हातात घेऊन, फळ कापून, पुस्तकाशी ताडून तिचं नाव ठरवलंय. पुढच्या वेळी तुम्ही अनोळखी तुकडा वाचला आणि तो या ओळीशी जुळला, तर तुमचं उत्तर त्या पहिल्या माणसाच्या नजरेइतकंच खरं. त्याने चुकीच्या झाडाचं पान घेतलं असेल तर अक्षरं शंभर टक्के अचूक आणि नाव शंभर टक्के चूक, आणि पुढे येणारा प्रत्येकजण त्या चुकीशी आपलं जुळवून खूश होणार. जेनबँकसारख्या डीएनए नोंदींच्या सार्वजनिक साठ्यात अशा चुकीच्या नावाच्या नोंदी आहेत, त्यात काम करणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि ज्याने नोंद टाकली त्याच्याशिवाय सहसा कुणी ती बदलत नाही.

यावर उपाय एकच आणि तो जुनाच आहे, नमुना ठेवा. ज्या झाडाचं पान डीएनएसाठी घेतलं त्याच झाडाची फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून, कुठे कधी कुणी गोळा केली ते लिहून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करायची आणि तिचा नंबर त्या डीएनए नोंदीला जोडायचा. याला व्हाउचर म्हणतात. उद्या शंका आली तर कुणीही जाऊन तो कागद काढून बघू शकतो. व्हाउचर नसलेली नोंद तपासताच येत नाही, ती खरी असेलही, पण तपासता येत नाही ना. ज्या चांगल्या शोधनिबंधांनी या कुळाची मांडणी बदलली त्यांच्यात व्हाउचरची यादी पानंच्या पानं असते, आणि बातम्यांमध्ये नेमकं तेच कधी येत नाही.

आता या कुळात व्हाउचर करणं इतर कुळांपेक्षा जास्त जिकिरीचं आहे. साधारणपणे माणूस झाड फुलावर असताना गोळा करतो, तेव्हा ते दिसतं, छान दिसतं, ताजं पानही मिळतं जे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाकलं की डीएनएला उत्तम. पण फळ तेव्हा तयार नसतं! आणि पिकलेल्या फळाशिवाय या कुळातल्या कितीतरी स्पीशीज नक्की ठरवताच येत नाहीत. फळ पिकेपर्यंत खालची पानं वाळून गेलेली असतात, ती पानंही ओळखीला लागतात, कारण वरची आणि खालची पानं वेगळी असतात. म्हणजे त्याच जागी परत जायला हवं, त्याच झाडापाशी, आणि मूळही जमलं तर बघायला हवं. हे न करता फुलावरचं एक टोक तोडून आणलं, त्याला अंदाजाने नाव दिलं आणि डीएनए वाचून मोकळे झाले, असं झालं की काय होतं ते वर सांगितलंच. मुलांना मी हेच सांगत आले, फळ नसलेला अंबेलिफेरीचा नमुना अर्धाच नमुना.

फळ बघून काय मिळतं हे ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. जिऱ्याचं एक फळ रात्रभर पाण्यात ठेवा, मऊ झालं की नव्या ब्लेडने आडवे काप घ्या, जमेल तितके पातळ, पहिले काही वाया जातातच. एक काप ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपच्या कमी पॉवरला बघा. अर्ध्या फळाच्या पाठीवर पाच कंगोरे दिसतील, प्रत्येकाच्या पोटात एक वाहिनीचा पुंजका. त्या पाचांच्या मध्ये मध्ये आणखी चार कंगोरे, यांच्यावर बारीक राठ केस, आणि प्रत्येकाच्या खाली एक मोठं तपकिरी भोक, ती तेलाची नळी, जिऱ्याचा वास तिच्यात आहे. सपाट बाजूला आणखी दोन नळ्या, एकूण सहा. आता गाजराच्या फळाचा तसाच काप शेजारी ठेवा. तेच पाच, मध्ये तेच चार, त्या चारांवर केसांऐवजी काटे, खाली त्याच नळ्या. मग बडीशेपेचा घ्या, नळ्या इथेही सहाच, पण ते मधले चार कंगोरे नाहीत. म्हणजे जिरं गाजराजवळचं आणि बडीशेप लांबची हे डीएनएने जे सांगितलं त्याची खूण फळातही आहे, फक्त चपटेपणा आणि पंख यांच्या नादात तिला पुरेसं वजन दिलं गेलं नव्हतं. कोथिंबिरीचं फळ कापलंत तर नळ्या फक्त दोन आणि त्याही आतल्या सपाट बाजूला, वरचं सगळं गोल आणि मोकळं. प्रॅक्टिकलला ज्या मुलांनी हे चार काप शेजारी शेजारी ठेवून बघितलेत ती हे कुळ विसरत नाहीत.

म्हणून मला फळ हरलं आणि डीएनए जिंकला ही भाषा खटकते. फळ चूक बोलत नव्हतं, कोणत्या खुणेला किती महत्त्व द्यायचं तो अंदाज चुकला होता, आणि तो डीएनएमुळे सुधारता आला. दक्षिण आफ्रिकेत झालेलं काम बघा. बेन-एरिक व्हान विक आणि पॅट्रिशिया टिल्नी तिथल्या या कुळातल्या वनस्पतींच्या फळांची आतली रचना वर्षानुवर्षं कापून बघत होते, २००६ च्या सुमारास डाउनींच्या गटाबरोबर तिथल्या वनस्पतींचा डीएनएही वाचला गेला, आणि असं दिसलं की गाजराच्या उपकुळाच्या अगदी खालच्या, सगळ्यात आधी फुटलेल्या फांद्या दक्षिण आफ्रिकेच्या भागात आहेत आणि त्यातल्या कित्येक लाकडी आहेत. तोवर हे उपकुळ म्हटलं की उत्तर गोलार्धातल्या लहान रोपट्यांचंच चित्र डोळ्यांसमोर यायचं. शिवाय लिक्टेनस्टायनियासारख्या जीनसमध्ये तेलाच्या नळ्या कंगोऱ्यांच्या मध्ये नसून कंगोऱ्यांच्या आतच आहेत, ठळक, मोठ्या, आणि ही खूण आता वंशवृक्षावर ठेवून वाचता येते. दोन्हीकडची माणसं एका टेबलावर बसली तेव्हा हे झालं.

डीएनएचाही सगळीकडे एकच आवाज असतो असं नाही, हेही बातमीत यायला हवं होतं. हरितलवकाचा डीएनए बहुतेक वेळा आईकडून येतो, केंद्रकातला दोघांकडून. दोन स्पीशीजचा कधीकाळी संकर झाला असेल तर हरितलवकाचा वृक्ष एक नातं दाखवतो आणि केंद्रकाचा दुसरं. या कुळात असे मतभेद पुष्कळ ठिकाणी आहेत. आयटीएसच्या एका तुकड्यावरून २०१० मध्ये गाजराच्या उपकुळात ४१ मोठ्या फांद्या ओळखल्या गेल्या, फार मोलाचं काम होतं ते, पण त्या फांद्या एकमेकींना कुठे कशा जोडल्यात हे त्या सहाशे अक्षरांना सगळीकडे सांगता येईना. म्हणून आता एकदम शेकडो जीन वाचतात. लंडनजवळच्या क्यू या प्रसिद्ध वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी फुलझाडांसाठी ३५३ जीनचा एक संच तयार केला, २०२१ मध्ये तो वापरून या कुळाचा वृक्ष नव्याने काढला गेला. गंमत म्हणजे ही पद्धत तुकडे तुकडे झालेल्या जुन्या डीएनएवरही चालते, म्हणजे कपाटातले जुने हर्बेरियम नमुने, ज्यांना लोक धूळखात पडलेले कागद म्हणतात, तेच आता सगळ्यात मोठा खजिना ठरलेत. एकट्या क्यूकडे ७० लाखांच्या आसपास नमुने आहेत. त्यातले जुने ज्यांनी गोळा केले त्यांच्या वेळी डीएनए हा शब्दही नव्हता, त्यांनी फक्त नीट लेबल लिहिलं, आणि म्हणून आज ते उपयोगी पडतायत.

गाजराच्या हरितलवकात तर आणखी एक विलक्षण गोष्ट सापडली, सुमारे दीड हजार अक्षरांचा एक तुकडा जो मूळचा मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, आहे. उलट दिशेने डीएनए जातो हे माहीत होतं, मायटोकॉन्ड्रियातून हरितलवकात आलेला मात्र फुलझाडांत त्याआधी पक्का दाखवता आला नव्हता. आणि हा तुकडा गाजराच्या जवळच्यांत आणि जिऱ्यात आहे! ब्लेडने घेतलेला काप, आयटीएस आणि हा भटका तुकडा, तिघंही जिऱ्याला गाजराच्या शेजारी बसवतात, वर्गीकरणावर विश्वास बसतो तो असा वेगवेगळ्या वाटेने एकाच जागी पोचल्यावर.

नावं सारखी बदलतात म्हणून लोक वैतागतात, तुमच्या बातमीखाली आलेल्या प्रतिक्रियांतही तो वैताग होता, आणि मला तो समजतो. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, डीएनए नाव बदलत नाही. वंशवृक्ष फक्त कोण कुणाजवळ ते दाखवतो, जीनसची हद्द कुठे आखायची ते माणसंच ठरवतात. डॉकसचंच बघा ना, मेलॅनोसेलिनम आणि इतर आत निघाले तेव्हा दोन रस्ते होते, एक तर सगळ्यांना डॉकसमध्ये घ्यायचं, नाहीतर डॉकस फोडून त्याचे लहान लहान जीनस करायचे. दोन्ही वृक्षाला धरूनच झालं असतं. फोडलं असतं तर ओळखीच्या अनेक रानटी गाजरांची नावं बदलली असती, म्हणून मोठं करायचा रस्ता घेतला, माझ्या मते बरोबर घेतला. आता मेलॅनोसेलिनम डेसिपिअन्सचं डॉकस डेसिपिअन्स झालंय, दुसरा शब्द तोच राहिलाय, जुनं नाव शोधलं तरी माणूस नव्यावर पोचतो.

हा सगळा अभ्यास कपाटात ठेवायचा नाहीये, त्याला जिवाशी संबंध आहे. याच कुळात कोनियम मॅक्युलेटम आहे, ज्याचा रस सॉक्रेटिसला इसवी सनपूर्व ३९९ मध्ये दिला गेला असं मानतात. सिक्युटा आहे, तोही जीवघेणा. लांबून बघाल तर पांढऱ्या फुलांची छत्री, चिरलेली पानं, रानटी गाजरासारखंच. जवळ गेलात तर कोनियमचं खोड गुळगुळीत आणि त्यावर जांभळे डाग, गाजराचं खोड केसाळ. आणि नातं जवळचं म्हणून गुण सारखे असंही धरून चालत नाही, एकाच इनॅन्थे जीनसमध्ये जावानिका ही स्पीशीज भाजीसारखी खाल्ली जाते आणि क्रोकाटा माणूस मारते. औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळलेल्या मुळांच्या तुकड्यात फूल नाही, फळ नाही, तिथे डीएनए बारकोडिंगला, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून नोंदींशी ताडून ओळखण्याला, खरोखर पर्याय नाही आणि त्यासाठी मी त्याची कट्टर समर्थक आहे. पण ज्या संदर्भाच्या नोंदीशी तो तुकडा ताडायचा तिचं नावच चुकीचं असेल तर? परत आपण व्हाउचरवरच येऊन थांबतो.

आणि हे व्हाउचर करणारी, फळ कापून ओळखणारी माणसं तयार होणं बंद होत चाललंय, माझा खरा जीव यासाठी तुटतो. मी जिथे शिकवत होते तिथे वर्गीकरणाच्या प्रॅक्टिकलचे तास टप्प्याटप्प्याने कमी झाले, हर्बेरियमची कपाटं एका कोपऱ्यात गेली, आणि कारण दरवेळी हेच, आता डीएनएने होतं ना सगळं. मुलांना पीसीआर करता येतो, चांगली गोष्ट आहे, यायलाच हवा. पण समोर ठेवलेली वनस्पती कोणत्या जीनसची हे सांगता येत नाही, आणि ते येत नाही याचं कुणाला काही वाटतही नाही. तुमच्यासारख्या मोठ्या पेपरात फळं-फुलं बघायचे दिवस संपले असं छापून आलं की ते तास आणखी कमी करायला एक कात्रण मिळतं, एवढंच मला म्हणायचंय. वर्गीकरणावर पुढे कधी बातमी कराल तेव्हा संशोधकांना कृपा करून एवढं विचारा की नमुने कुठे ठेवलेत, कुणी ओळखले, फळासकट आहेत का. ते आनंदाने सांगतील, त्यांना हे कुणी विचारतच नाही.

एक दुरुस्तीही छापावी ही विनंती. बातमीबरोबर गोल पानांच्या, जमिनीवर पसरलेल्या वेलीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं गाजराच्या कुळातली वनस्पती. फोटोत पानाचा देठ पानाच्या मधोमध जोडलेला स्वच्छ दिसतोय, म्हणजे ते हायड्रोकोटाइल आहे. ड्रूडेंच्या तीन उपकुळांपैकी एक त्याच्याच नावाचं होतं, आणि डीएनए आल्यावर तेच उपकुळ सगळ्यात वाईट मोडलं. हायड्रोकोटाइल गाजराच्या कुळातून बाहेर पडून अरालिएसी या शेजारच्या कुळात गेलं, म्हणजे जिनसेंगच्या कुळात. त्याच्यासारखीच दिसणारी मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, जिला वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये हायड्रोकोटाइलमध्येच टाकलं होतं, ती मात्र गाजराच्या कुळातच राहिली, वेगळ्या उपकुळात. तिच्या पानाला बुडाशी खाच असते आणि देठ त्या खाचेत जोडलेला असतो. तेव्हा एक तर फोटोखालचं कुळ बदला, नाहीतर मंडूकपर्णीचा फोटो टाका, आणि जमलं तर फळं आलेल्या फांदीचा टाका.

आपली,
वनस्पतीशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका